पोथी, पोवाडा आणि पडदा

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला पोलादपूर आहे आणि माथ्याकडे प्रतापगडाचा फाटा. मधे सावित्रीचं खोरं, दाट रान आणि वळणांमागून वळणं. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवाजी महाराज आणि अफजलखान समोरासमोर आले. ती भेट संस्कृत काव्यात सांगणारे कवींद्र परमानंद यांची समाधी खाली पोलादपुरात आहे. घटना वर घडली आणि तिचा कवी त्याच डोंगराच्या पायाशी विसावला, असं भाग्य मराठी मुलखात फार थोड्या जागांना लाभलं असेल. गडाकडे निघालेल्या सहली पोलादपुरातूनच पुढे जातात. समाधीकडे वळणारे मात्र थोडेच.

गडावर आलेल्या कुठल्याही शाळकरी मुलाला विचारावं, महाराजांनी खानाला कशानं मारलं? उत्तर ठरलेलं असतं: वाघनखांनी. परमानंदांच्या काव्यात वाघनखं नाहीत. तिथे महाराजांच्या हाती कृपाण आहे, म्हणजे तलवार.

हा फरक कुठून आला हे शोधू लागलं, की आपण एका मोठ्या प्रश्नापाशी येतो. पूज्य मानलेल्या ग्रंथातली कथा पडद्यावर येते तेव्हा ती कशी बदलते आणि कुणाच्या हातून बदलते? ख्रिस्ती जगात बायबलवरच्या चित्रपटांबद्दल हा प्रश्न शंभर वर्षं विचारला जातो आहे. आपल्याकडे तो त्या मानानं कमी विचारला गेला. वास्तविक आपला चित्रपट जन्मला तोच एक ख्रिस्तपट पाहून. त्याकडे यायचं आहेच, पण आधी घाटातलं काम पुरं करू.

परमानंद गोविंद मूळचे नेवाशाचे. त्यांचं ‘शिवभारत’ पुराणाच्या घाटानं रचलेलं आहे. काशीचे पंडित प्रश्न विचारतात आणि कवी कथा सांगत जातो. ग्रंथ स्वतःला अनुपुराण म्हणवतो. महाराज त्यात विष्णूचा अंश आहेत, आणि संकटाच्या घडीला भवानी प्रकट होऊन त्यांना अभय देते. आज आपण त्याकडे इतिहासाचं साधन म्हणून पाहतो, पण लिहिणाऱ्याच्या मनात रामायण-महाभारताच्या पंक्तीला बसेल अशी रचना होती. ती पुरी झाली नाही. एकतीस अध्यायांनंतर बत्तिसावा सुरू होतो आणि तुटतो. पोथी पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात राहिली. सदाशिव महादेव दिवेकर यांनी ती संपादून १९२७ साली प्रसिद्ध केली. ही तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बाबुराव पेंटरांचा मूकपट ‘सिंहगड’ १९२३ चा आणि ‘कल्याण खजिना’ १९२४ चा. मराठी माणूस शिवचरित्र पडद्यावर पाहू लागला तेव्हा महाराजांच्या पदरच्या कवीनं लिहिलेलं चरित्र त्याच्या हातातच नव्हतं.

मग हातात काय होतं? बखरी आणि पोवाडे. कृष्णाजी अनंत सभासदांनी १६९४ साली जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. प्रसंगाला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. सभासदांच्या बखरीत खान राजांची मान बगलेत दाबतो आणि जमदाड चालवतो. अंगातल्या चिलखतामुळे वार लागत नाही, आणि राजे डाव्या हातातलं वाघनख पोटात घालून उजव्या हातातला बिचवा चालवतात. पुढे सय्यद धावून येतो, त्याचा हात जिवा महाला तोडतो. भोई जखमी खानाला पालखीत घालून पळू लागतात, तेव्हा संभाजी कावजी त्यांना गाठून खानाचं शिर घेतो. त्याच्याही आधी, जिजाऊंच्या सांगण्यावरून, अगिनदास शाहिरानं अफजलखान वधाचा पोवाडा रचला होता. मावळात आणि कोकणात ही कथा लोकांनी वाचली नाही, डफ-तुणतुण्यावर ऐकली. नंतरच्या बखरकारांनी तपशील वाढवले, चित्रकारांनी त्या तपशिलांना रंग दिला, दिनदर्शिकांनी ते रंग घरोघरी लावले. १९५२ साली भालजी पेंढारकरांनी ‘छत्रपती शिवाजी’ काढला तोवर प्रेक्षकाच्या मनातला पडदा कधीच भरून गेला होता.

चित्रपटाला वाघनखं भावतात याला पडद्याची स्वतःची कारणंही आहेत. वाघनख मुठीत लपतं. कॅमेरा त्या मुठीजवळ जाऊ शकतो. खानाला जे ठाऊक नाही ते थिएटरातल्या शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि आलिंगनाच्या क्षणापर्यंत श्वास रोखला जातो तो त्यामुळेच. उघड्या तलवारीनं हे साधत नाही. परमानंदांच्या वर्णनात रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. खानानं मान धरून कुशीत शस्त्र मारलं, तरी राजा डगमगला नाही. मल्लविद्येच्या बळावर त्यानं मिठी सोडवली आणि मग वार केला. तिथे छुप्या शस्त्राची उत्कंठा नाही. उघड संकटात शांत राहिलेल्या माणसाचं चित्र आहे. दोन्ही कथांत पहिला वार खानाचा आहे, दोन्हींत राजा जिंकतो. पण आपण दाद कशाला द्यायची, हे दोन्हीकडे निराळं आहे.

मला याहून जास्त लागते ती दुसरी गळती. परमानंदांनी महाराजांच्या दहा रक्षकांची नावं दिली आहेत. संभाजी कावजी, काताजी इंगळे, कोंडाजी कंक, येसाजी कंक, कृष्णाजी गायकवाड, सूरजी काटके, विसाजी मुरुंबक, संभाजी करवर, जिवा महाला आणि सिद्दी इब्राहिम. समोर खानाच्या बाजूला पिलाजी आणि शंकराजी मोहिते उभे आहेत. ही यादी सावकाश वाचावी. एक सिद्दी महाराजांच्या जिवाची राखण करतो आहे आणि दोन मोहिते खानाच्या. सतराव्या शतकातली चाकरी, इमान आणि नाती कशी गुंतलेली होती हे एवढ्याशा यादीत दिसतं. अडीच तासांच्या चित्रपटाला इतके चेहरे पेलत नाहीत. प्रेक्षकाच्या ओळखीचे दोघं-तिघं पुढे राहतात, बाकीचे मागच्या गर्दीत मिसळतात. होता जिवा म्हणून वाचला शिवा, एवढं लोकांच्या ओठी आहे. सूरजी काटके आणि विसाजी मुरुंबक ही नावं किती जणांनी ऐकली असतील? २०२२ साली दिग्पाल लांजेकरांनी याच प्रसंगावर ‘शेर शिवराज’ काढला. चिन्मय मांडलेकर महाराज आणि मुकेश ऋषी खान. एका भेटीवर अख्खा चित्रपट काढावा इतका हा विषय मोठा आहे, हे त्यानं दाखवून दिलं. माझी इच्छा आहे, की कुणीतरी दहांच्या दहांवर काढावा.

वाघनखांचं वजन किती वाढलं हे जुलै २०२४ मध्ये दिसलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या मुदतीवर साताऱ्यात आली. ती साताऱ्याला असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या संग्रहातली. हीच महाराजांनी वापरली होती का, याची खातरजमा करता येत नाही, असं खुद्द ते संग्रहालयच म्हणतं. तरी ती पाहायला माणसं आली आणि हात जोडून उभी राहिली. त्या भावनेबद्दल मला आदर आहे. फक्त त्याच आदरानं कधीतरी पोलादपुरातल्या समाधीपाशीही उभं राहावं.

पोलादपूर तालुक्यातच उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांची कथा तर या प्रवासाचं आणखी स्वच्छ उदाहरण आहे. सभासदांच्या बखरीत कोंढाण्याच्या कड्यावर आधी दोन निवडक मावळे चढतात, वानराच्या चपळाईनं. तिथे घोरपड नाही. घोरपड, शेलारमामा आणि रायबाचं लग्न हे सगळं आपल्याला तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून मिळालं. विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपट्यांनी त्यावर कादंबरी लिहिली आणि तीत कमलकुमारी नावाची राजपूत विधवा आणली, किल्लेदार उदयभानूनं पळवून आणलेली. १९२३ चा मूकपट आणि प्रभात कंपनीचा १९३३ चा बोलपट, दोन्ही ‘सिंहगड’ आपट्यांच्या याच कादंबरीवरून निघाले. २०२० साली अजय देवगणचा ‘तान्हाजी’ आला. त्यात उदयभानच्या कैदेत कमलदेवी होती, तेव्हा अनेकांनी ही मुंबईच्या हिंदी चित्रपटवाल्यांची करामत म्हणून नाक मुरडलं. ती करामत आपट्यांची होती, शंभर वर्षांपूर्वीची, अस्सल मराठी. आणि तानाजी पडले म्हणून गडाला सिंहगड नाव मिळालं असं आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते नाव महाराजांच्या १६६३ च्या पत्रात आधीच आहे. कोंढाण्याची लढाई १६७० ची.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. पडदा मूळ ग्रंथापासून दूर गेला की आपण दिग्दर्शकाला धरतो. पण ग्रंथ आणि पडदा यांच्या मधे एक जाडजूड थर असतो. शाहीर, कीर्तनकार, नाटककार, कादंबरीकार आणि चित्रकार यांनी पिढ्यानपिढ्या रचलेला. दिग्दर्शक बहुधा त्या थरातून उचलतो, कारण प्रेक्षकही तिथलाच असतो. हा थर ओळखता आला, तर चित्रपटाशीही न्याय होतो आणि ग्रंथाशीही.

बायबलचं असंच आहे. नाताळच्या देखाव्यात तीन मागी राजे उंटांवरून गोठ्यात येतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक आहेत. ते किती हे सांगितलेलं नाही, ते राजे आहेत असंही नाही, आणि बाळाला ते एका घरात भेटतात. गव्हाणी लूकच्या शुभवर्तमानात आहे. तिथे मेंढपाळ येतात, बैल आणि गाढवाचा उल्लेख नाही. मत्तय आणि लूक यांच्या दोन कथा एकाच देखाव्यात शिवल्या गेल्या त्या शतकानुशतकांच्या चित्रांतून आणि नाट्यांतून. क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका चारही शुभवर्तमानांत कुठेच नाही. ती मध्ययुगीन भक्तिपरंपरेतून आली. मग्दलिया गावची मरीया पतित स्त्री होती ही समजूत पोप ग्रेगरी पहिले यांच्या ५९१ मधल्या प्रवचनानं पक्की झाली. चित्रपटांनी ती तशीच उचलली. सेसिल बी. डिमिलच्या १९५६ च्या ‘टेन कमांडमेंट्स’मध्ये मोशेवर जीव टाकणारी राजकन्या नेफ्रेतिरी आहे. बायबलातल्या निर्गम ग्रंथात तिचा मागमूस नाही. तिथे तर फारोचंही नाव सांगितलेलं नाही. पण डिमिलनं श्रेयनामावलीतच सांगून टाकलं होतं, की बायबलाबरोबर काही कादंबऱ्या आणि प्राचीन इतिहासकारांचे ग्रंथही आधाराला घेतले आहेत. मेल गिब्सनच्या २००४ च्या ‘पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मधले कितीतरी तपशील अ‍ॅना कॅथरीना एमरिक या जर्मन जोगिणीच्या साक्षात्कारांच्या पुस्तकातले आहेत. हे ठाऊक नसलं, तर प्रेक्षक ते सगळं शुभवर्तमानातलंच समजतो.

मधला थर टाळण्याचे प्रयत्नही झाले. पासोलिनीनं १९६४ मध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला आणि संवाद मत्तयाच्याच शब्दांत ठेवले. १९७९ चा ‘जीजस’ लूकवर आधारलेला. तो जगातल्या शेकडो भाषांत गेला, मराठीतही आला. शब्द मुळातले असले तरी चेहरा, चालणं, आवाज, ऊन-सावली हे ग्रंथ देत नाही, आणि कॅमेऱ्याला त्यांवाचून पुढे सरकता येत नाही. येशू दिसायला कसा होता याबद्दल चारही शुभवर्तमानं गप्प आहेत. पडद्याला गप्प राहण्याची मुभा नसते.

ग्रंथातली कथा आपल्या साच्यात सांगणं ही मराठीत फार जुनी गोष्ट आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये राशोल इथे छापलं गेलं. बायबलाची कथा त्यांनी आपल्या पुराणासारखी, श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत सांगितली. हे प्रश्न ज्यूंच्या देशातले नाहीत, सासष्टीतल्या माणसांच्या मनातले आहेत. स्टीफन्स आणि परमानंद एकाच शतकातले. एकानं बायबलाला पुराणाचा साचा दिला, दुसऱ्यानं समकालीन राजाला.

आता फाळके. १९१० च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा पट पाहिला. पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी या अनुभवाबद्दल लिहिलं. डोळ्यांपुढून ख्रिस्त सरकत होता आणि मनापुढून राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. त्या काळातले ख्रिस्तपट म्हणजे हलत्या चित्रांची मालिका असत. अ‍ॅलिस गी या फ्रेंच दिग्दर्शिकेनं १९०६ मध्ये असा पट काढला तो जेम्स टिसो या चित्रकाराच्या बायबलचित्रांवरून. फाळक्यांनी ख्रिस्तपटातून नेमकं काय घेतलं याचा उलगडा इथे होतो. देवाची कथा चालत्या चित्रांत सांगता येते हे त्यांनी पाहिलं, आणि आपल्याकडची चित्रं त्यांच्याजवळ होतीच. ते स्वतः छपाईच्या धंद्यातले. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा छापखान्याचं काम त्यांनी केलेलं. ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू होतो तो राजा, राणी आणि धनुर्विद्या शिकणारा राजपुत्र अशा चित्रचौकटीनं, आणि त्या चौकटीवर रविवर्म्याची छाया स्पष्ट आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांपुढे आला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले होते. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी ते केलं.

हरिश्चंद्राची सर्वात जुनी कथा ऐतरेय ब्राह्मणात आहे, आणि ती वाचून माणूस थक्क होतो. या राजाला शंभर राण्या, पण पुत्र नाही. नारदाच्या सल्ल्यावरून तो वरुणाला नवस बोलतो, मुलगा होऊ दे, तुलाच बळी देईन. मुलगा होतो, रोहित. वरुण मागायला येतो आणि राजा मुदत मागत राहतो. दहा दिवसांचा होऊ दे, दात येऊ देत, दुधाचे दात पडू देत, पुन्हा येऊ देत, शस्त्र धरण्याजोगा होऊ दे. शेवटी रोहित रानात पळतो आणि शब्द मोडणाऱ्या राजाला जलोदर होतो. रोहित अजीगर्ताचा मुलगा शुनःशेप याला शंभर गाई देऊन विकत घेतो, आपल्याऐवजी बळी द्यायला. यूपाला बांधलेला शुनःशेप देवांची स्तुती करतो, त्याचे पाश गळून पडतात, आणि त्याला पोटाशी धरून आपला मुलगा मानणारा ऋषी कोण? विश्वामित्र! ज्याला आपण सत्याचा पुतळा म्हणतो तो इथे दिलेल्या शब्दापासून पळतो आहे, आणि ज्याला आपण छळवादी म्हणतो तो अनाथाचा बाप झाला आहे. मला या कथेत बाप दिसतो, मुलाच्या जिवासाठी देवाला चुकवणारा. हा हरिश्चंद्र कुणी पडद्यावर आणावा अशी फार इच्छा आहे.

आपल्या ओळखीची कथा मार्कंडेय पुराणातली. शिकारीला गेलेला राजा स्त्रियांचा आक्रोश ऐकून धावतो. त्या विश्वामित्रानं वश करायला घेतलेल्या विद्या असतात. मग राज्यदान, दक्षिणेसाठी काशी, बायको-मुलाची विक्री, चांडाळाची चाकरी, सर्पदंशानं मुलाचा मृत्यू, स्मशानातली भेट. पुराणात राणीचं नाव शैव्या आहे. मराठी माणसाला ती तारामती म्हणूनच ठाऊक. पुराणात पतिपत्नी मुलाच्या चितेत उडी घ्यायला सिद्ध होतात तेव्हा धर्म आणि इंद्र प्रकट होतात. फाळक्यांच्या चित्रपटात तारामतीवर खुनाचा आळ येतो, तिचा शिरच्छेद करायची आज्ञा हरिश्चंद्रालाच होते, तो तलवार उगारतो आणि शंकर हात धरतात. या प्रसंगाचं बीज देवीभागवतात सापडतं आणि तो फुलला तो रंगभूमीवर. प्रभातनं १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला, मराठीतला पहिला बोलपट, गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे यांचा. त्यात गंगानाथ नावाचा एक कपटी माणूसही घातला. प्रत्येक पिढीनं तारामतीच्या दुःखात आपल्या काळाची थोडी भर घातली.

पण या वाटेवर एक गोष्ट सगळ्यांनी सांडली आणि तिची मला खंत वाटते. मार्कंडेय पुराणात इंद्र स्वर्गाला न्यायला येतो तेव्हा हरिश्चंद्र जायला नकार देतो. अयोध्येची प्रजा माझ्या दुःखात होरपळली, तिला सोडून मी येणार नाही, तिच्यासाठी माझं पुण्य वाटून टाका, असं तो सांगतो. राजाची सत्यनिष्ठा जिथे करुणेला मिळते ती ही जागा. पडद्यावर शेवट होतो तो मुकुट परत मिळण्यानं.

मधला थर किती खोल जातो हे पाहायचं तर ‘संत तुकाराम’ पाहावा. दामले-फत्तेलाल यांनी १९३६ मध्ये प्रभातसाठी केलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये वर्षाहून अधिक काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकोबांच्या चरित्राचा जुना आधार म्हणजे ताहाराबादच्या महिपतींचं ‘भक्तलीलामृत’, १७७४ मधलं, तुकोबांनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेलं. तिथे तुकोबांना काटेरी काठीनं मारणारा मंबाजी गोसावी आहे आणि पुढे शिष्य झालेले रामेश्वरभट्ट आहेत. चित्रपटात मंबाजी नाही. त्याचा द्वेष सालोमालोला दिला आहे. तुकोबांच्या अभंगांत दुसऱ्याच्या कवितेवर आपलं नाव घालणाऱ्यांचा राग आहे आणि सालोमालोचा उल्लेखही आहे. तेवढ्या धाग्यावरून चित्रपटानं अख्खा खलनायक विणला. कीर्तनात बसलेल्या शिवरायांना पकडायला सैन्य येतं, त्या प्रसंगी महिपतींचा विठ्ठल शिवरायांचं रूप घेऊन बाहेर पळतो आणि सैनिकांना दूर नेतो. पडद्यावर कीर्तनाला बसलेल्या कितीतरी माणसांची रूपं शिवरायांची होतात. महिपतींचा देव भक्तासाठी धावतो. चित्रपटात सबंध जमाव राजा होतो. पाठलाग चित्रित करणं सोपं असताना प्रभातनं हा अवघड मार्ग धरला. १९३६ सालचा भारत समोर बसला होता हे लक्षात घेतलं, की त्यामागची दृष्टी कळते. मला तो बदल मूळ कथेइतकाच मोलाचा वाटतो.

त्या काळात हे चित्रपट फिरत्या तंबूंतून जत्रांपर्यंत जात, आणि प्रेक्षकाच्या लेखी समोरचा पडदा देवळाहून वेगळा नसे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’ला, १९१७ मध्ये, पडद्यावर राम आला की लोक पायातल्या वहाणा काढत. राम आणि सीता दोन्ही कामं अण्णा साळुंक्यांचीच होती! ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांना तर लोकांनी तुकोबाच मानलं. आज घराघरांत तुकोबांच्या ज्या तसबिरी आहेत त्यांतल्या कितीतरींमध्ये पागनिसांचा चेहरा डोकावतो. तुकोबांचं समकालीन चित्र आपल्यापाशी नाही. ती रिकामी जागा एका नटानं भरली, इतक्या श्रद्धेनं की पुढच्या चित्रकारांना दुसरा चेहरा सुचेना.

पुढे त्याहून नवलाची गोष्ट घडली. ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी एक पद लिहिलं. बीज, अंकुर आणि झाड यांच्या रूपकातून एकाच तत्त्वाचा विस्तार सांगणारं. पागनिसांच्या तोंडी ते असं काही बसलं की श्रोत्यांनी ते तुकोबांचं मानलं. जाणत्या मंडळींनीही गाथेच्या प्रतींत त्याचा शोध घेतला. ते गाथेत नव्हतंच. पण भजनी मंडळांनी वाट पाहिली नाही. टाळ-मृदंगावर ते आजही अभंग म्हणून गायलं जातं, आणि गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आठवल्यांचं नाव ठाऊक असतं.